निर्वेध, निजोखमी अप्पा

आमच्या गावात ज्याच्या त्याच्या तोंडात एक ठरलेला शब्द असतो. कुणी वाक्यामागं "समजलं का" लावतं, कुणी "देवाशपथ". आमच्या थोरल्या वहिनी "आता बघा" म्हटल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. विरूपाक्ष अप्पाच्या तोंडात मात्र दोन शब्द. निर्वेध आणि निजोखमी. जमीन घ्यायच्या आधी पेपरात जाहीर नोटीस येते ना, त्यातले हे शब्द. अर्थ एवढाच, की जागेवर वाद नाही, बोजा नाही, घेणाऱ्यानं निवांत झोपावं.

अप्पा माझ्याच गावचा, चाकूर तालुक्यातला, शाळेत माझ्या मागच्या वर्गात. बापाचं किराणा दुकान थोरल्या भावाकडं गेलं आणि अप्पा लातूरला येऊन प्लॉटच्या धंद्यात पडला. लातूरचं तुम्हाला माहीतच आहे. पोरं शिकवणीला येतात, पोरांमागं आईबाप येतात आणि आईबापांमागं अप्पा जातो. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, खिशात घडी घातलेला नकाशा. मी मुलाकडं लातूरला राहायला आल्यापासून तो मला दुचाकीवर मागं बसवून हिंडवतो. गिऱ्हाइकाला वाटतं, सोबत पिकल्या केसांचा माणूस आहे, तेव्हा सौदा खरा असणार.

आणि असतोही खरा. वादातली जागा त्यानं जन्मात कुणाच्या गळ्यात मारली नाही. भानगडीचा नुसता वास आला तरी तो दुचाकी वळवतो. पण ही सवय धंद्यापुरती राहिली असती तर ठीक होतं. एकदा मुरूडच्या अलीकडं आमची एसटी रस्ता सोडून नाल्यात आडवी झाली. माझा चष्मा गेला, अप्पाच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. घरी बायकोनं विचारलं, हे काय झालं? अप्पा म्हणाला, "काही न्हाई. बस जराशी टेकली."

एका गिऱ्हाइकानं विचारलं होतं, शेजारी पिठाची गिरणी आहे, त्रास नाही का होणार? अप्पा म्हणाला, "त्रास कसला? सकाळी गजर लावायचं काम न्हाई." रेणापूरला एका मयतीला गेलो, तर तिथंही जागेकडं पाहून माझ्या कानात म्हणाला, "पूर्वमुखी हाय." मी त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा गप्प झाला.

अशा माणसाच्या घरात भानगड झाली.

त्याला एकच मुलगी, वर्षाराणी. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. शांत पोरगी, पण मातीत खार असला तर शेतकरी कितीही नाराज होवो, कागदावर खार असंच लिहिणार. मागच्या साली उदगीरच्या एका स्थळाशी तिचं कुंकू झालं. कुंकू म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. आणि मग ते मोडलं. पोरीनंच मोडलं. का मोडलं, ते तिनं आईबापाला सांगितलं. अप्पानं ऐकलं, आणि बाहेर सगळ्यांना सांगत सुटला, "दोन्ही घरच्यांच्या विचारानं थांबलो. वाद न्हाई, काही न्हाई."

आता नांदेडकडून दुसरं स्थळ आलं होतं. अर्धापूरचे राजशेखर, केळीचे मोठे बागाईतदार. त्यांचा मुलगा मल्लेश जनावरांचा डॉक्टर. वर्षाराणी त्याच्याशी एकदा फोनवर बोलली होती, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गुणगुणत होती, असं तिच्या आईनं, रत्नम्मानं, मला सांगितलं. पण पोरीची एक अट होती.

"अप्पा, उदगीरचं सगळं त्यास्नी आधी सांगायचं. तुम्ही सांगा, न्हाईतर मी सांगते."

"सांगू की बाई. लग्न होऊ दे, मग सांगू."

"मग मी समोर येणारच न्हाई. लपवून मला त्या घरात जायचं न्हाई."

रत्नम्मा माहेरची बिदरकडली. चिडली की अर्धी कानडीत बोलते. "एन्री," म्हणाली. म्हणजे "अहो." "एन्री, पोरगी काय प्लॉट हाय का, कोरा कागद दाखवायला?"

अप्पा नकाशाची घडी उलटसुलट करत बसला. पाहुणे पुढच्या रविवारी येणार होते.

त्याच आठवड्यातली गोष्ट. आम्ही दुचाकीवरून एका वाचनालयापुढून चाललो होतो. अप्पानं करकचून ब्रेक दाबला. दारावर कापडी फलक होता. "प्लॉट कसा शोधावा? कसा बांधावा? मोफत मार्गदर्शन, सर्वांना प्रवेश." वर बारीक अक्षरांत "नवोदित कथालेखकांसाठी" असंही होतं, पण ते आम्हाला दिसलं नाही. माझा चष्मा घरी राहिला होता म्हणून मला दिसलं नाही, आणि प्लॉट हा शब्द दिसल्यावर अप्पाला दुसरं काही दिसत नाही.

"फुकट मार्गदर्शन कोण देऊन राहिलं रे?" अप्पा म्हणाला. "नवीन पार्टी दिसती. चल, बघू तरी."

आत वीसेक पोरंपोरी, दोन रिटायर झालेले कारकून आणि फळ्यापाशी पंचशीला मॅडम. नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतात. हसतमुख बाई. आम्ही मागच्या बाकावर टेकलो. मॅडम एकेकाला उठवत होत्या.

"तुम्ही सांगा काका. तुमच्याकडं सध्या प्लॉट आहे का एखादा?"

अप्पा छाती काढून उभा राहिला. "पाच हायत."

"पाच? एकाच वेळी?"

"धंदाच हाय मॅडम आपला. त्यातला एक तर कॉर्नरचा. दोन्ही अंगांनी उघडा."

"वा! म्हणजे दोन बाजूंनी बघता येतं. फार अवघड असतं ते. आणि शेवट कसा केलाय?"

"शेवटाला नाला हाय. पण पाणी थांबत न्हाई, माझी गॅरंटी."

मॅडम विचारात पडल्या. "नाला हे प्रतीक म्हणून घेतलंय का तुम्ही?"

"प्रतीक म्हणून न्हाई, सांडपाण्यासाठी घेतलाय."

पुढच्या बाकावरची एक पोरगी फिस्सकन हसली आणि मग सगळा हॉल हसला. खरी गोष्ट कळल्यावर मॅडमला तर खुर्ची धरावी लागली. अप्पा लाल झाला, पिशवी उचलून निघाला. मॅडमनी हाक मारली.

"अप्पा, बसा हो. इतका वेळ तुम्ही एकटेच बरोबर उत्तरं देत होता."

बसला. चहा येणार होता हेही एक कारण.

मग मॅडमनी जे शिकवलं ते अप्पाकडं बघून, त्याच्याच भाषेत शिकवलं. गोष्टीचा प्लॉट म्हणजे कथानक, कशामागून काय घडतं त्याचा नकाशा. गोष्ट कुठं आणि कधी घडते ते स्थळ-काळ, म्हणजे चतुःसीमा. तिथं राहणारी माणसं ती पात्रं.

"आणि गोष्ट सांगणारा निवेदक," मॅडम म्हणाल्या. "तो कोण झाला, अप्पा?"

"दलाल!"

"झालं की. पण दलाल कुठं उभा राहून जागा दाखवतो, त्यावर जागा वेगळी दिसते. त्याला दृष्टिकोन म्हणायचं. ज्याच्यावर बेतलंय तोच 'मी' म्हणून सांगतो, ते प्रथमपुरुषी निवेदन. बाहेरचा माणूस 'तो', 'ती' म्हणून सांगतो, ते तृतीयपुरुषी."

मध्येच त्या म्हणाल्या, आता उपमा घेऊ. अप्पा माझ्याकडं वाकला, "चहासोबत नाश्ता पण हाय वाटतं." ती उपमा म्हणजे एखादी गोष्ट दुसऱ्यासारखी आहे असं सांगणं, आणि ती तीच आहे असं ठोकून सांगितलं की रूपक, हे कळेपर्यंत तो दाराकडंच बघत होता.

"आणि आता सगळ्यात मुख्य," मॅडम म्हणाल्या. "संघर्ष."

"म्हणजे?"

"म्हणजे भानगड."

अप्पाचा चेहरा असा झाला, की जणू त्याला कुणी ताकात मीठ सांगून साखर घातली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं एक छोटी गोष्ट लिहून आणायची होती. मला वाटलं अप्पा काही जात नाही. पण सकाळी दारात हॉर्न. गोष्ट लिहून आणली होती पठ्ठ्यानं. ताठ उभा राहून वाचली. दोन भाऊ सिद्धेश्वराच्या जत्रेला गेले. दर्शन झालं. गर्दी नव्हती. भजी खाल्ली, गरम होती. बस लगेच मिळाली. घरी आले.

"मग?" मॅडमनी विचारलं.

"मग झोपले."

"अडचण कुठं आली त्यांना?"

"कामून यावी? चांगल्या घरची पोरं हायत. मी भानगडीचा प्लॉट आजपर्यंत कुणाला दाखवला न्हाई, मॅडम. माझी गोष्ट निर्वेध आणि निजोखमी."

पोरं टाळ्या वाजवायला लागली. मॅडम हसल्या, पण मग खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"अप्पा, एक विचारू? या जागेवर कधीच काही झालं नाही, कधीच कुणी काही बोललं नाही, असं तुम्ही फार जोर देऊन सांगितलं, तर गिऱ्हाईक काय करतं?"

अप्पानं डोकं खाजवलं. "गुपचूप शेजाऱ्याला जाऊन विचारतं."

"आणि शेजारी?"

"शेजारी काय, मनाचं काहीही लावतो."

"वाचणाऱ्याचंही तसंच असतं. काहीतरी झालंय एवढं त्याला कळत असतंच. तुम्ही सांगितलं नाही, तर तो स्वतःची भानगड त्यात घालून मोकळा होतो. आणि ती नेहमी खऱ्यापेक्षा वाईट असते."

येताना बार्शी रोडला लागल्यावर अप्पानं दुचाकी बाजूला घेतली.

"भुजंगा, वर्षाचं लोक काय म्हणतात रे?"

"सोड ना."

"सांग म्हणलं तर."

सांगितलं मग. कुणी म्हणतं पोरीला फिट येते. कुणी म्हणतं मुलाकडल्यांनी चारचाकी मागितली आणि अप्पा मागं सरला. चाकूरच्या बसस्टँडवर तर एकानं मला माझ्याच तोंडावर सांगितलं, की पोरीचं कुणाशी तरी होतं.

"आणि तू मला आज सांगून राहिला?"

"आधी कसं सांगू? असलं काही बोलायला गेलं की तू गाडी वळवतोस."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग गाडीला किक मारली, पण ती मारायच्या आधीच गाडी चालू होती.

रविवारी पाहुणे आले. राजशेखर, त्यांची बहीण महानंदाबाई आणि मल्लेश. राजशेखर उंचपुरे, आवाज केळीच्या गाडीवर हमालांना हाका मारून तयार झालेला. महानंदाबाईंची नजर भिंतीवरच्या घड्याळापासून रत्नम्माच्या पाटल्यांपर्यंत सगळं मोजत होती. मल्लेश गप्प, पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत बसलेला. "शरणार्थी, शरणार्थी" असा आमचा लिंगायतांचा नमस्कार झाला. रत्नम्मानं सुशीला आणून ठेवली. चुरमुऱ्यांची सुशीला आमच्याकडं पोह्यांच्या आधी मान घेते. वर्षाराणी आतल्या दाराच्या पडद्यामागं होती. तिची सावली मला दिसत होती. ती बाहेर येणार की नाही, हे आता अप्पाच्या जिभेवर होतं.

"मग अप्पा," राजशेखर म्हणाले, "पोरीचं सांगा."

"पोरगी हुशार. नोकरी कायम. स्वभाव गरीब. आमचं सगळं कसं एकदम निर्वे..."

आणि तो शब्द त्याच्या घशात अडकला. खरंच अडकला. त्यानं पाणी प्यायलं. पडद्यामागची सावली हलली. रत्नम्मा भिंतीला टेकून उभी होती, ती ताठ झाली.

"न्हाई," अप्पा म्हणाला. "थांबा. तुमच्यापासून काही लपवायचं न्हाई. आधी प्लॉट सांगतो."

राजशेखरांनी हातातली बशी खाली ठेवली. "प्लॉट? अप्पा, आम्ही देण्याघेण्याचा शब्द काढला न्हाई. प्लॉट कामून मधी आणून राहिलात?"

"अरे, सांगू तर दे त्यास्नी," महानंदाबाई पुढं सरकल्या. "किती गुंठ्याचा हाय?"

"आत्या!" मल्लेश म्हणाला. तो आल्यापासून पहिल्यांदाच बोलला.

पडदा सर्रकन बाजूला झाला. वर्षाराणी बाहेर. डोळ्यांत पाणी, आणि आवाज मात्र धारदार. "अप्पा, मी सांगायला काय लावलं होतं, आणि तुम्ही मला खपवायला प्लॉट देऊन राहिलात?"

मी इतकी वर्षं अप्पाला ओळखतो. अशा वेळी तो उठून चप्पल घालतो. या वेळी तो उठला, मला वाटलं गेला आता, पण तो दोन्ही हात जोडून मध्येच उभा राहिला.

"तो प्लॉट न्हाई, माझ्या आई! कुणाला काही देऊन राहिलो न्हाई. गोष्टीचा प्लॉट. उदगीरचा."

मग मला तोंड घालावं लागलं. वाचनालय, मॅडम, नाला, सगळं पटापट सांगितलं. राजशेखर आधी बघतच राहिले, मग त्या आवाजात असे हसले की शेजारची बाई खिडकीशी आली. पण अप्पा हसला नाही. खाली बसला आणि सांगायला लागला.

आणि काय सांगितलं हो त्यानं! आधी चतुःसीमा: मागच्या साली, दिवाळीनंतर, उदगीरचं घर, कुंकवाच्या दिवशी दारात उसाचा मांडव. मग माणसं: मुलगा दिसायला देखणा, त्याचा बाप मोठ्या बोलाचा, आई कोपऱ्यात उभी, कुणी बस म्हणेपर्यंत न बसणारी. मग भानगड. ती सांगताना त्याचा आवाज खाली आला, पण थांबला नाही. मुलगा दिवसभर फोन करायचा. कुठं हायस, कुणासोबत हायस, शेजारी कोण उभं हाय, फोटो पाठव. पोरीचे हात मातीत, तरी फोन घ्यायचा. एक दिवस म्हणाला, तुझ्या मोबाईलच्या कुलपाचा नंबर मला दे.

"हिनं मला सांगितलं तेव्हा मी काय म्हणालो ठाऊक हाय का?" अप्पा राजशेखरांना म्हणाला. "म्हणालो, प्रेम हाय त्याचं, जरा समजून घे. बस नाल्यात पडली तरी मी टेकली म्हणतो, तसं."

रत्नम्मानं पदर तोंडाला लावला.

"मग काय झालं?" महानंदाबाई गुंठे विसरून गेल्या होत्या.

"पुढचं मला ठाऊक न्हाई," अप्पा म्हणाला. "पुढं मी नव्हतो. इथून 'मी' म्हणून सांगणारं माणूस तेच पाहिजे." आणि त्यानं पोरीकडं पाहिलं. "सांग बाई. तू जे केलंस ते मला नीट सांगता येणार न्हाई."

वर्षाराणी उभीच होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग सोडलं.

"मी अंगठी आणि कुंकवाची साडी पिशवीत घातली अन् उदगीरची एसटी धरली. कुणाला सांगितलं न्हाई. त्यांच्या घरी एकट्या त्याच्या आईच होत्या. मी म्हणलं, हे तुमचं तुमच्याकडं घ्या. मला वाटलं आरडाओरड करतील. त्यांनी मला बसायला पाट दिला अन् चहा टाकला. आम्ही दोघींनी चहा घेतला. काही बोललो न्हाई. मग मी उठले."

ती थांबली. सुशीलेतल्या शेंगदाण्यावर माशी बसली होती, ती मी पण उडवली नाही.

मल्लेशनं मान वर केली. "साडी घेताना त्या काही म्हणाल्या?"

वर्षाराणीनं त्याच्याकडं पाहिलं, नीट, पहिल्यांदा. "दारापर्यंत आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणल्या, बरं केलंस बाई."

अप्पाला हे माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं डोळ्यांवरून पालथा हात फिरवला, तर विभूती अर्धी पुसली गेली.

राजशेखर घसा खाकरले. "आमच्या कानावर वेगळंच आलं होतं, अप्पा. फिट येते म्हणून. खरं सांगू? आम्ही ते ऐकूनही निघालो होतो. मल्लेश म्हणाला, जाऊन तर बघू, काय सांगतात ते. तुम्ही काहीच न्हाई म्हणाला असता, तर चहा घेऊन आम्ही वापस गेलो असतो."

"पण राजा," महानंदाबाई म्हणाल्या, "पोरगी एकटी उठून एसटीनं गेली. उद्या आपल्या घरून अशी गेली म्हणजे?"

"आत्या," मल्लेश म्हणाला, "आपण तशी वेळ आणली तर जाईलच की. जायलाच पाहिजे."

महानंदाबाईंनी तोंड वाकडं केलं आणि सुशीलेची बशी पुन्हा हातात घेतली. त्यांचं पूर्ण पटलेलं नव्हतं. अजूनही नसेल.

निघताना राजशेखर म्हणाले, "कळवतो." आमच्या मुलुखात कळवतो म्हणजे नाही, हे शेंबडं पोर पण सांगेल. रत्नम्माचा चेहरा पडला. अप्पा वाट दाखवायच्या निमित्तानं त्यांच्यासोबत पायरीपर्यंत गेला, मागं मी, आणि दारात वर्षाराणी. मल्लेश बुटाची लेस बांधत रेंगाळला. त्याचे वडील गाडीपाशी पोचल्यावर तो वळून सरळ वर्षाराणीला म्हणाला, "पुढच्या रविवारी मी लातूरला येऊ का? एकटा. बोलायला."

"या. पण आधी फोन करा."

"करीन. एकदाच."

ती हसली. कुंकू मोडल्यापासून त्या घरात कुणी तसं हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

गाडी गेल्यावर रत्नम्मा अप्पापाशी आली. मला वाटलं आता प्लॉटवरून धुणार त्याला. तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची पुसट विभूती नीट केली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मी अप्पाला विचारलं. तो म्हणाला, तुला सांगण्यासारखं न्हाई.

पुढच्या रविवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्याकडं जाऊन बसलो. मोबाईल खिडकीत चार्जिंगला लावलेला. तो वाजला तसा अप्पा पेपर टाकून धावला, हात फोनपर्यंत गेलासुद्धा. आतून वर्षाराणी ओल्या केसांनी आली आणि तळहात पुढं केला.

"अप्पा, माझा हाय तो."

अप्पानं फोन तिच्या हातात दिला आणि मला घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसला, दार ओढून घेऊन.